शस्त्रक्रियेपूर्वी रोग्याचे कर्तव्य

अकस्मात कोसळणारे संकट मनुष्यास विचाराला अवसर देत नाही. जे व्हावयाचे ते होऊन गेल्यावरच तो भानावर येतो, आणि त्या वेळच्या त्याच्या वागण्याचा दोष त्यास फारसा देता येत नाही. ठरवून करावयाच्या शस्त्रक्रियेची गोष्ट निराळी आहे. डॉक्टर तारीख देतात, ती कागदावर लिहून हाती पडते, आणि त्या तारखेपर्यंतचे दहा-पंधरा दिवस, कधी महिना-दीड महिना, रोग्याच्या पदरी येतो. पित्ताशयातील खडे असोत, अंतर्गळ असो, गर्भाशयातील गाठ असो की हृदयाची निकामी झालेली झडप असो, हा मधला काळ बहुतेकांच्या वाट्यास येतोच. त्या काळात रोग्याने काय करावे, हा प्रश्न वरवर पाहता वैद्यकाचा वाटतो. वस्तुतः तो धर्माचा आहे.

छत्तीसगडातील रायपूर हे शहर आज अशा रोग्यांचे मोठे ठिकाण झाले आहे. डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालय, ज्यास तेथील लोक अजूनही ‘मेकाहारा’ म्हणतात, आणि २०१२ साली सुरू झालेली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, या दोन्ही ठिकाणी बस्तर-सरगुजाकडून व ओडिशाच्या पश्चिम भागातून माणसे येतात. तशीच मुंबई-हावडा लोहमार्गाने गोंदिया-भंडाऱ्याकडूनही येतात. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीपासून या मुलखात मराठी कुटुंबे नांदत आहेत. त्यामुळे तात्यापाऱ्यात किंवा बुढापाऱ्यात कुणाचे ना कुणाचे घर असते, आणि शस्त्रक्रियेच्या आधी चार दिवस तेथे मुक्काम पडतो.

अशा घरातील ते दिवस कसे जातात हे पाहण्यासारखे असते. मुलगा पैशांच्या व्यवस्थेत गुंतलेला असतो. जावई रक्त देणारे शोधीत असतो. सून डबा कोणी न्यायचा, रात्री कोणी बसायचे, याची आखणी करीत असते. सर्वांना काम असते. काम नसते ते एकट्या रोग्यास. ‘बाबा, तुम्ही स्वस्थ पडून राहा, बाकीचे आम्ही पाहतो,’ असे त्यास सांगण्यात येते, आणि तोही भिंतीकडे तोंड करून म्हणतो, ‘आता सारे त्याच्या हाती!’ ऐकणाऱ्यास हे उद्गार भक्तीचे वाटतात. ते कधी खरोखरीच भक्तीचे असतात. परंतु पुष्कळदा त्या शब्दांच्या आड केवळ भय दडलेले असते. ज्याचा विचार करवत नाही ते देवाच्या नावाने बाजूस सारले, एवढाच त्याचा अर्थ असतो. शरणागती आणि टाळाटाळ यांचे बाह्य रूप इतके सारखे आहे की ज्याचे त्यासही कित्येकदा ते ओळखता येत नाही.

श्रीमद्भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतेही कर्म सिद्धीस जाण्याची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, नानाविध चेष्टा आणि पाचवे दैव. शस्त्रक्रियेस हे विवेचन जितके चपखल लागू पडते तितके क्वचितच दुसऱ्या कशास पडत असेल. रोग्याचे शरीर हे अधिष्ठान. शस्त्रे, औषधे, प्राणवायूची नळी, दिवे ही साधने. कापणे, शिवणे, नाडीवर लक्ष ठेवणे या चेष्टा. आणि कर्ता? येथेच सामान्यतः चूक होते. कर्ता म्हणजे शल्यचिकित्सक, असे सर्वजण धरून चालतात आणि रोग्यास केवळ अधिष्ठानाच्या कोटीत टाकतात. म्हणजे तो लाकडासारखा पडून राहावयाचा, दुसऱ्याने त्याजवर करवत चालवावयाची. परंतु शस्त्रक्रिया यशस्वी होणे हे कर्म ज्या दिवशी टेबलावर घडते त्या दिवशीच सुरू होत नाही. ते तारीख मिळाली त्या दिवशी सुरू होते, आणि मधल्या दिवसांत त्याचा कर्ता पुष्कळ अंशी रोगीच असतो. आपणच एकटे कर्ते आहोत असे मानणाऱ्यास गीतेने दुर्मती म्हटले आहे, हे सर्वांस ठाऊक आहे. पण त्याच न्यायाने, पाचवे जे दैव त्यास पहिल्या चारांच्या जागी बसविणाऱ्याची मतीही निर्दोष म्हणता येणार नाही.

या विचाराशी रायपूरचा एक जुना संबंध आहे. लोकमान्य टिळकांचा ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध झाला. त्याचा हिंदी अनुवाद ज्या पंडित माधवराव सप्र्यांनी केला, त्यांचे वास्तव्य रायपुरास होते आणि १९२६ साली त्यांचा देहही तेथेच पडला. गीता कर्म टाकावयास सांगत नाही, ती कर्म करण्याची रीत सांगते, हा त्या ग्रंथाचा सिद्धांत हिंदी भाषिकांच्या घरोघरी एका मराठी रायपूरकराच्या लेखणीने पोहोचला. त्याच गावी अंथरुणावर पडून ‘सारे त्याच्या हाती’ म्हणताना तो सिद्धांत आठवावा, हे उचित होय.

मग रोग्याचे कर्म कोणते? पहिले कर्म सत्य सांगणे. हे ऐकावयास सोपे वाटते. परंतु शस्त्रक्रियेपूर्वी भूल देणारे डॉक्टर जेव्हा प्रश्न विचारू लागतात तेव्हा त्याची परीक्षा होते. तंबाखू खाता काय? दारू घेता काय? रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत काय? कोणा वैद्याची किंवा वैदूची पुडी घेता काय? पूर्वी भूल दिली होती तेव्हा काही त्रास झाला होता काय? दात हलतो काय? यांतील एकही प्रश्न कुतूहलापोटी विचारलेला नसतो. हलणारा दात नळी घालताना निखळून श्वासमार्गात जाऊ शकतो. रक्त पातळ करणारी गोळी लपविली तर रक्तस्राव आवरत नाही. आणि ती आपल्याच मनाने आधी बंद केली तर हृदयाची झडप बदललेल्या माणसास गुठळीचे भय उत्पन्न होते. म्हणून कोणती गोळी कधी थांबवावयाची हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे. आणि ते ठरविण्यासाठी त्यांस ती ठाऊक हवी.

छत्तीसगडात गुडाखू नावाचा एक पदार्थ घरोघर आढळतो. तंबाखू आणि गूळ यांचे ते काळसर मिश्रण असते, लहान डबीत मिळते, आणि सकाळी दातांस लावण्याच्या निमित्ताने त्याचे व्यसन जडते. महाराष्ट्रात मिश्रीचे जे स्थान, तेच तेथे गुडाखूचे. ते लावणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी आहे, आणि त्यास कोणी तंबाखू म्हणतच नाही. डॉक्टरांनी विचारले, ‘तंबाखू?’ तर ती बाई मान हलवून ‘नाही’ म्हणते. तिच्या दृष्टीने ते असत्य नसतेच! शिवाय खोलीत सासरे बसलेले, दीर उभा; अशा वेळी ठाऊक असलेलेही तोंडावाटे निघत नाही. येथे दोष केवळ तिचा नाही. हा प्रश्न तिला एकटीस विचारावा, एवढी जाणीव डॉक्टरांस असावी. आणि ‘आम्ही जरा बाहेर बसतो’ एवढे म्हणण्याचे सौजन्य घरच्यांस असावे. वाणीचे तप सांगताना गीतेने सत्यासोबत प्रिय आणि हित हे शब्दही घातले आहेत. भूल देणाऱ्यापुढे हितकर सत्य अप्रिय असले तरी बोलावेच लागते. कारण ते ज्याच्या हिताचे आहे तो श्रोता नसून वक्ता आहे.

आणि बोलून थांबून भागत नाही. धूम्रपान करणाऱ्याने शस्त्रक्रियेपूर्वी निदान चार आठवडे ते सोडले तर फुप्फुसांचे विकार व जखम चिघळण्याचे प्रसंग कमी होतात, हे आता निर्विवाद ठरले आहे. म्हणजे तारीख हाती पडली तोच दिवस बिडी टाकण्याचा दिवस होय. पंढरीच्या वारीस जाण्यापूर्वी गळ्यात माळ घालणारा मनुष्य ज्या निश्चयाने अभक्ष्य सोडतो, त्याच निश्चयाची ही जागा आहे. मधुमेह्याने साखर ताब्यात आणणे, अंगात रक्त कमी असलेल्या स्त्रीने सांगितलेल्या लोहाच्या गोळ्या कंटाळा न करता घेणे, शिकविलेला दीर्घ श्वासाचा अभ्यास दिवसातून चार वेळा करणे, ही सर्व या पंधरा दिवसांची नित्यकर्मे समजावीत. यांत चमत्कार काही नाही; त्यामुळेच ती टळतात.

उपवासाविषयी थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण येथे श्रद्धाळू घरांतच घोटाळा होतो. भुलीने मनुष्याची शुद्धच हरपते असे नाही, तर घशाची रक्षण करण्याची शक्तीही हरपते. एरवी पाण्याचा थेंब आडमार्गाने गेला तर ठसका लागून तो बाहेर फेकला जातो. भुलेत ठसका लागत नाही. पोटातील अन्न वर आले तर सरळ फुप्फुसांत उतरते. बाळंतिणींना भूल देताना घडलेले असे प्रसंग गोळा करून न्यूयॉर्कच्या डॉ. मेंडेलसन यांनी १९४६ साली त्यांचे सविस्तर वर्णन केले, आणि तेव्हापासून रिकाम्या पोटाचा नियम अधिकाधिक कडक होत गेला. साधारणतः हलक्या अन्नास व दुधास सहा तास, तळलेल्या व जड अन्नास त्याहून अधिक, आणि निव्वळ पाण्यास दोन तास असे मान आहे. तथापि ज्याच्या त्याच्या प्रकृतीप्रमाणे डॉक्टर जी वेळ सांगतील तीच प्रमाण. हा विचार आपल्याकडे अगदीच नवा आहे असे मात्र नाही. सुश्रुताने एरवी शस्त्रकर्मापूर्वी रोग्यास खाऊ घालावे, म्हणजे तो मूर्च्छित होणार नाही, असे सांगितले आहे. परंतु मूढगर्भ, उदर, मूळव्याध, मूतखडा, भगंदर व मुखरोग यांत शस्त्रकर्म उपाशीपोटीच करावे, असा त्याचा स्पष्ट अपवाद आहे.

आता घोटाळा तो असा. आपल्या घरांत उपवास म्हणजे अन्न न घेणे नव्हे, तर धान्य न घेणे. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाणे, बटाटा, दूध, केळे, हे सर्व उपवासाला चालते. ‘आज उपाशी राहावयाचे आहे’ असे परिचारिकेने सांगितले की एखादी आजी निष्पापपणे पहाटे वाटीभर खिचडी खाऊन तयार होते, आणि विचारले असता ‘कडकडीत उपवास आहे’ असे सांगते! दुसरा घोटाळा याहून नाजूक आहे. पहाटे घरातून निघताना देवापुढे हात जोडले जातात, पंचामृताचे तीर्थ हातावर पडते, पेढ्याचा तुकडा तोंडात घातला जातो. कोणी दूधाधारी मठातून प्रसाद आणलेला असतो. त्यास नाही कसे म्हणावे? म्हटले तर देवाचा अव्हेर, आणि तोही अशा दिवशी! परंतु पंचामृतात दूध आहे, दही आहे, तूप आहे; फुप्फुसांस ते देवापुढचे की हॉटेलातले हे कळत नाही. प्रसाद हा मस्तकी लावूनही ग्रहण होतो. तो घरच्यांनी जपून ठेवावा आणि डॉक्टर ‘आता खाण्यास हरकत नाही’ म्हणतील त्या वेळी पहिला घास त्याचाच द्यावा. याने देवाचा मान राहतो आणि देवाने दिलेल्या देहाचाही. ज्याने चुकून खाल्ले असेल त्याने मात्र ‘आता पुढची तारीख मिळेल’ या भीतीने ते लपवू नये. पुढची तारीख मिळणे ही हानी नव्हे.

मंगळसूत्राचा प्रश्नही असाच. शस्त्रक्रियागृहात अंगावर धातू ठेवीत नाहीत, कारण रक्तवाहिन्या जाळून बंद करणारे विजेचे उपकरण वापरतात तेव्हा धातूच्या ठिकाणी त्वचा भाजण्याचा संभव असतो, आणि हात सुजला तर अंगठी रुतते. नखांवरील रंग काढावयास सांगतात तोही, प्राणवायूचे मान बोटावरून मोजावयाचे असते म्हणून. एवढे कारण कोणी समजावून सांगितले तर बहुतेक स्त्रिया सहज तयार होतात. पण पुष्कळ ठिकाणी कारण न सांगता ‘काढा’ एवढाच हुकूम सुटतो, आणि नेमक्या त्या घटकेला गळा रिता होण्याने जो अपशकुन मनात शिरतो तो शस्त्रापेक्षा खोल जातो. ज्या घरात सासू स्वतःच्या हाताने आदल्या रात्री सुनेचे मंगळसूत्र उतरवून देवाच्या तबकात ठेवते, त्या घराने अर्धी भूल आधीच दिली असे म्हणावयास हरकत नाही.

मुहूर्ताविषयी वाद घालण्याचे कारण नाही. सुश्रुतानेही शुभ तिथी-नक्षत्र पाहण्यास सांगितले आहे. जेथे आठ दिवसांनी काही बिघडत नाही तेथे घरच्या वडीलधाऱ्यांच्या मनाचे समाधान होत असेल तर डॉक्टरांस विचारून तिथी बदलावी. परंतु कर्करोगाची गाठ पितृपक्ष पाळीत नाही, आणि अडकलेले आतडे अधिक मास संपण्याची वाट पाहत नाही.

येथपर्यंतची कर्मे देहाची झाली. याहून मोठे कर्म निर्णयाचे आहे, आणि गृहस्थांच्या घरी अन्याय होतो तो येथे. रोगाचे खरे स्वरूप रोग्यापासून लपविण्याची आपल्याकडे जणू रूढीच पडली आहे. ‘आई, साधी गाठ आहे, काढून टाकतात, दोन दिवसांत घरी,’ असे मुलगा सांगतो, आणि दाराबाहेर डॉक्टरांस हात जोडून विनवितो, ‘तिला काही सांगू नका, ती खचून जाईल.’ त्याचे प्रेम खोटे नसते. पण त्या प्रेमाने आईस काय दिले आणि तिजपासून काय हिरावून घेतले, याचा हिशेब त्याने केलेला नसतो. जिचा देह कापला जावयाचा आहे तिलाच तो का कापला जातो हे ठाऊक नाही! तिने कुणाची क्षमा मागावयाची असेल, कुणास काही सांगावयाचे असेल, नातवंडांच्या नावाने काही ठेवावयाचे असेल, तर त्यासाठी मिळालेले पंधरा दिवस तिच्या हातून काढून घेतले गेले. आणि बहुधा तिला सर्व कळलेलेच असते. घरातील कुजबुज, अचानक आलेली नणंद, सर्वांचे अतिशय गोड बोलणे, यांवरून ती ओळखते. मग तीही न कळल्याचे सोंग घेते. ज्या दिवसांत एकमेकांजवळ बोलावयाचे ते दिवस दोन्ही पक्ष एकमेकांपासून लपण्यात घालवितात.

सुश्रुताने मूतखड्याच्या शस्त्रकर्माविषयी जे लिहिले आहे ते या ठिकाणी चिंतनीय आहे. ते शस्त्रकर्म त्या काळी फार धोक्याचे होते. न केले तर मृत्यू निश्चित आणि केले तरी जगण्याविषयी संशय, अशा स्थितीत वैद्याने धन्याची अनुज्ञा घेऊनच हात घालावा, असे तो सांगतो. दोन्ही बाजू मांडणे आणि मगच अनुमती मागणे, हे तत्त्व इतके जुने आहे. मात्र त्या काळी अनुमती धन्याची होती. आज ती ज्याच्या देहाची गोष्ट त्याची आहे. २००८ साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात हे निःसंदिग्ध केले. तपासणीसाठी भूल दिलेल्या एका प्रौढ स्त्रीचे गर्भाशय, बाहेर बसलेल्या तिच्या आईच्या संमतीवर काढून टाकण्यात आले होते. न्यायालयाने सांगितले की रोगी सज्ञान व शुद्धीवर येऊन निर्णय करण्यास समर्थ असेल आणि प्राणावर बेतलेले नसेल, तर आईची संमती तिच्या संमतीच्या जागी चालणार नाही. आईच्या हेतूविषयी येथे प्रश्नच नव्हता.

कायद्याची गोष्ट क्षणभर बाजूस ठेवू. कुरुक्षेत्रावर काय घडले? अर्जुनापुढे सारथी म्हणून जो उभा होता त्यास भूत-भविष्य हस्तामलकवत् होते. विश्वरूप दाखवून झाले होते. ‘ऊठ, बाण सोड’ अशी आज्ञा करणे त्यास अशक्य नव्हते, आणि त्या रूपापुढे अर्जुनाने ती मोडलीही नसती. परंतु सर्व सांगून झाल्यावर भगवंतांनी काय म्हटले? याचा संपूर्ण विचार कर, आणि मग तुला वाटेल तसे कर. प्रत्यक्ष परमेश्वराने भक्ताची अनुमती गृहीत धरली नाही! आणि ज्या श्लोकाचा आधार घेऊन सर्व काही देवावर टाकले जाते तो, सर्व धर्म सोडून मला एकट्याला शरण ये असे सांगणारा श्लोक, या विचार करण्याच्या श्लोकानंतर येतो, आधी नव्हे. हा क्रम सहज पडलेला नाही. ज्याने विचार केला, जाणले, निवडले, त्याच्यापाशीच समर्पण करण्याजोगे काही असते. ज्यास काही कळूच दिले नाही त्याने काय समर्पण करावे?

मग भयाचे काय? सर्व कळल्यावर रोगी भिणार नाही काय? भिईल. येथे एक सर्वश्रुत प्रसंग आठवतो. १९२२ सालापासून येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या महात्मा गांधींचे आंत्रपुच्छ सुजले आणि १२ जानेवारी १९२४ रोजी त्यांस पुण्याच्या ससून रुग्णालयात आणण्यात आले. ही शस्त्रक्रिया ठरवून केलेली नव्हे. हाती पंधरा दिवस सोडा, पुरती एक रात्रही नव्हती. त्यांच्या विश्वासातील मुंबईचे डॉक्टर वेळेत पोहोचू शकत नव्हते. शस्त्रक्रिया करणारे कर्नल मॅडॉक हे ज्या सरकारने त्यांस कैदेत टाकले होते त्या सरकारचेच अधिकारी. शिवाय डॉक्टर आणि इस्पितळे यांच्याविरुद्ध ‘हिंद स्वराज्या’त १९०९ साली गांधींनीच कठोर शब्द लिहिलेले. इतक्या विरोधांच्या मध्ये त्यांनी थोड्या वेळात काय केले? श्रीनिवास शास्त्र्यांना बोलावून घेतले आणि त्यांच्या समक्ष एक निवेदन तयार करविले : शस्त्रक्रियेस आपली संमती आहे, डॉक्टरांनी आपली उत्तम काळजी घेतली आहे, आणि काही बरेवाईट झाले तर सरकारविरुद्ध त्याचे काहूर उठवू नये. सही करताना त्यांचा हात कापत होता, आणि ती गोष्ट त्यांनी स्वतःच मॅडॉकांच्या नजरेस आणून दिली. पुढे शस्त्रक्रिया चालू असता वीज गेली आणि ती कंदिलाच्या उजेडात पुरी करावी लागली.

तो कापणारा हात लक्षात ठेवण्यासारखा आहे. गांडीव गळून पडताना अर्जुनाचाही देह असाच थरथरत होता. भगवंतांनी त्यास दोष दिला तो कापण्याबद्दल नव्हे, कापत कापत रणातून निघून जाण्याच्या विचाराबद्दल. देहास आपले भय असते. मन स्थिर असतानाही हात कापतो, नाडी जलद होते, आदल्या रात्री झोप येत नाही. याची लाज वाटण्याचे कारण नाही, आणि ‘गीता वाचणारे तुम्ही, तुम्हांस कसली भीती’ असे म्हणून रोग्यास हिणविण्याचेही नाही.

एका संस्थानिकाने भूल न घेता, गीतापाठात तल्लीन होऊन पोटाची शस्त्रक्रिया करून घेतली, अशी कथा भाविक मंडळींत मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. ती ऐकून एखाद्यास वाटते की भूल घेणे हा आपल्या श्रद्धेचा कमीपणा. ही समजूत काढून टाकली पाहिजे. शीत-उष्ण, सुख-दुःख सहन कर, असे जे गीतेने सांगितले ते अटळ दुःखाविषयी. टाळता येणारी वेदना मुद्दाम ओढवून घेण्याचा तो उपदेश नव्हे. देहास पीडा देऊन केलेल्या तपास गीतेने तामस म्हटले आहे. इथरची भूल बोस्टन येथे १६ ऑक्टोबर १८४६ रोजी प्रथम जाहीरपणे दाखविण्यात आली. त्यापूर्वी मनुष्यजातीने टेबलावर बांधून घेऊन जे सोसले ते सहनशीलतेसाठी नव्हे, दुसरा उपाय नव्हता म्हणून सोसले. आणि स्थिर पडलेल्या देहावरच शल्यचिकित्सकाचा हात सूक्ष्म काम करू शकतो. भूल घेणे हे त्याच्या कर्मास रोग्याने केलेले साहाय्य आहे.

टेबलावर नेल्यावर पुन्हा पुन्हा नाव विचारतात, कोणत्या बाजूची शस्त्रक्रिया तेही विचारतात. ‘यांस अजून एवढेही ठाऊक नाही काय?’ म्हणून रोगी व्याकूळ होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली आखून दिलेली ती पद्धत आहे. दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ती लागू करून पाहिली असता शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण शेकडा १.५ वरून ०.८ वर आले. त्यात रोग्याने द्यावयाचे उत्तर हाही एक दुवा आहे. शुद्धीवर असतानाचे त्याचे ते शेवटचे कर्म. ते त्याने स्पष्ट शब्दांत करावे. त्यापुढे मात्र त्याचे काही उरत नाही, आणि ‘आता सारे त्याच्या हाती’ हे शब्द तेथे शोभतात.

राहता राहिला तो रोगी, ज्यास विचारच करता येत नाही. नवा रायपूर येथे श्री सत्यसाई संजीवनी रुग्णालयात जन्मजात हृदयविकार असलेल्या मुलांवर २०१२ सालापासून विनामूल्य उपचार होत आहेत. पैसे भरण्याची खिडकीच तेथे नाही. निरनिराळ्या राज्यांतून आईबाप मुलांस घेऊन येतात. ज्याच्या छातीवर शस्त्र चालावयाचे ते मूल दोन वर्षांचे असते; संमती बापाने द्यावयाची, सत्य आईने सांगावयाचे, रात्री दुधासाठी रडणाऱ्या लेकरास उपाशी तिने ठेवावयाचे. येथे कर्ता आणि अधिष्ठान ही दोन कारणे दोन देहांत विभागली जातात, आणि म्हणून आईबापांचा भार दुप्पट होतो. तेवढ्यासाठी त्यांनी डॉक्टरांस सर्व प्रश्न विचारावेत, समजले नाही तर दुसऱ्यांदा विचारावेत, संकोच करू नये. पण मूल सहा-सात वर्षांचे असेल तर त्यासही काही कळते, हे विसरू नये. ‘फिरायला चाललो आहोत’ असे सांगून आणलेले मूल शुद्धीवर येते ते छातीवर पट्टी आणि नाकात नळी घेऊन. यापुढे आईच्या शब्दावर त्याने विश्वास कसा ठेवावा? त्यास त्याच्या भाषेत सांगावे की तुझ्या हृदयात एक छिद्र आहे, डॉक्टरकाका ते बुजविणार आहेत, तेव्हा तुला झोप लागलेली असेल. जागा झालास की दुखेल, आणि त्या वेळी मी तुझ्याजवळ असेन. एवढे सांगितल्यावर ते मूल बहुधा रडते, आणि मग विचारते की माझी बाहुली आत नेऊ देतील काय.